शिवू नकोस

मी न्हाणीघरातून बाहेर आले तेव्हा सासूबाई दाराशीच उभ्या होत्या. हातात त्यांची वेगळी बादली, बादलीत त्यांचा वेगळा तांब्या आणि काखेत जंतुनाशकाची बाटली. पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं होतं ना, ते.

"झालं तुझं?"

"हो."

त्या भिंतीला चिकटून बाजूला झाल्या, मी पूर्ण पुढे जाईपर्यंत थांबल्या आणि मग आत शिरून त्यांनी कडी लावली. नळ सुटला. फरशीवर खराटा फिरायला लागला आणि दवाखान्यातल्यासारखा वास स्वयंपाकघरापर्यंत आला.

हेमंत ओट्याशी उभा राहून चहा पीत होता. त्याला दुपारच्या गाडीने इंदूरला जायचं होतं, कंपनीचे पंप बसवायला.

"ऐकतोयस ना?" मी म्हटलं.

"संघमित्रा, आईला आधीपासूनच ती सवय आहे. तू यायच्या आधीपासून."

"हे तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतोस."

"ती तुझ्या हातचं जेवते की नाही?"

"त्या हॉटेलातलंही जेवतात. तिथं स्वयंपाक कोण करतं ते कुठं विचारतात?"

त्याने कप विसळायला घेतला. दर वेळी बोलणं इथं आलं की तो असंच काहीतरी काम काढायचा.

ही गोष्ट एकोणीसशे नव्याण्णवमधली, सांगलीतली. मी संघमित्रा तायडे, भुसावळची. वडील रेल्वेत. घरात तथागतांचं आणि बाबासाहेबांचं छायाचित्र, आणि अभ्यास सोडून दुसरं काही करायची मुभा नाही, अशा घरात वाढलेली. टेलिफोन खात्यात नोकरीला लागून सांगलीला आले, तिथं हेमंत उकिडवे भेटला. दोन वर्षांनी आम्ही रजिस्टर लग्न केलं. त्याचे वडील आठ वर्षांपूर्वी वारले होते. ते पाटबंधारे खात्यात होते. घरात हेमंत आणि त्याची आई, कुमुदताई. लग्नाला त्या आल्या, हसल्या, मला साडी दिली. एका शब्दाने वाईट बोलल्या नाहीत. पण घरात आल्यापासून मी हे बघत होते. त्यांची बादली वेगळी, टॉवेल वेगळा, कपडे वाळत घालायची तार वेगळी. मी त्यांची साडी धुवायला घेतली तर हातातून ओढून घेतली. आमच्या पलंगावर कधी बसल्या नाहीत. बाहेरच्या खोलीतही कोचावर नाही, त्यांच्या लाकडी खुर्चीवरच. आणि मी न्हाणीघरातून निघाले की त्यांचा खराटा.

याचा अर्थ काय लावायचा हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आईने फोनवर विचारलं होतं, "सासू कशी हाय मितू?" मी म्हटलं होतं, "चांगल्या आहेत." आई म्हणाली, "लई चांगलं म्हणून नको सांगू. खरं सांग." मी रडले होते.

तर हेमंतने आणि मी वेगळं राहायला दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, विश्रामबागेत. तो इंदूरहून आला की आईला सांगायचं, असं ठरलं होतं. निघताना पायात बूट घालता घालता तो म्हणाला, "मीच सांगतो. तू मध्ये पडू नकोस. फक्त मी येईपर्यंत भांडू नका."

"आम्ही कधी भांडतो? भांडण व्हायला बोलावं लागतं."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मला सुट्टी. सासूबाई सकाळपासून खोलीतून बाहेर आल्या नव्हत्या. मी दाराशी जाऊन विचारलं, चहा? नको म्हणाल्या. जेवायला? भूक नाही. मला वाटलं, मुलगा घरी नाही, आता माझ्याबरोबर एकटीने जेवायलाही नको झालंय. मी माझं ताट वाढून घेतलं आणि जेवले.

दुपारी मी मासिक वाचत पडले होते. न्हाणीघरात जोरात काहीतरी पडलं. तांब्या गडगडत गेल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही.

"आई?"

मी उठून न्हाणीघराच्या दाराशी गेले.

"आई, काय पडलं?"

दार ढकललं. आतली कडी जुनी, ढिली, दोन धक्क्यांत निघाली. त्या ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगावर साडी कशीबशी गुंडाळलेली, केस सुटलेले, आणि दातावर दात आपटत होते. बाटली आडवी पडून सगळीकडे पांढरं पाणी झालं होतं. मी त्यांना उठवायला वाकले.

"शिवू नकोस!"

मी जिथल्या तिथं थांबले.

"शिवू नकोस मला."

हे शब्द माझ्या आजीने ऐकलेले. माझ्या आईने लहानपणी विहिरीवर ऐकलेले. मला ते कधी ऐकू येऊ नयेत म्हणून दोघींनी जन्म घालवला होता. मी सरळ उभी राहिले. कानशिलं तापली होती. मनात आलं, मरू दे. खरंच आलं. मी म्हटलं, "ठीक आहे. शेजारच्या कुणाला तरी बोलावते." आणि वळले.

"तुला होईल गं," त्या मागून म्हणाल्या. आवाज इतका बारीक की जेमतेम कळला. "तुझं अजून सगळं व्हायचंय. मूल व्हायचंय. तू लांब राहा."

मी परत वळले.

"काय होईल मला?"

त्यांनी तोंड फिरवलं. गुडघे पोटाशी घेतले आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मी खाली बसून त्यांचा हात धरला. तव्यासारखा तापला होता. त्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला, पण अंगात ताकद नव्हती.

"आई, काय झालंय तुम्हाला?"

"घाणेरडं आहे काहीतरी," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. थोडं तिथं, साडी नेसवताना, थोडं रिक्षात. लघवीला जळजळ. खाली सतत आग, खाज, कोरड. आठवड्या-दोन आठवड्यांनी बरं वाटायचं आणि परत सुरू. लघवीला जावं लागू नये म्हणून त्या दिवसदिवस पाणी प्यायच्या नाहीत. आणि रोज, दिवसातून तीनतीनदा, त्या जंतुनाशकाच्या पाण्याने धुवायच्या. आधी स्वतःला, मग जागा.

"डॉक्टरला दाखवलं नाही?"

"दाखवलं होतं. एकदा." त्या रिक्षाच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "त्यांनी विचारलं, मिस्टर बाहेरगावी असायचे का? मी म्हटलं, हो. ते हं म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या."

एवढंच. एक प्रश्न आणि एक हं.

डॉक्टर नसीम मुजावर यांचं नाव मला ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं, ते मी माझ्यासाठी लक्षात ठेवलं होतं. पंचेचाळिशीच्या बाई, जाड चष्मा, भरभर चालणाऱ्या. त्यांनी ताप बघितला, पाठीवर कमरेच्या वर हलकेच बोट टेकवलं. सासूबाई कळवळल्या. "मूत्रपिंडापर्यंत गेलंय," डॉक्टर म्हणाल्या. "ॲडमिट करू. सलाईन, इंजेक्शन. लघवी तपासायला देऊ. घाबरायचं कारण नाही, पण हे इतकं वाढू द्यायला नको होतं, मावशी."

आतून तपासायची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिला बाहेर बसू दे." मी उठले. तोच त्या परत म्हणाल्या, "नको. थांब. डॉक्टर, हिलाही बघा. आमच्याकडे न्हाणीघर एकच आहे. हिला लागलं नाही ना, ते आधी बघा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही त्रास?"

"नाही."

"मग तुम्हाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "झोपा मावशी."

तपासून झाल्यावर त्यांनी हात धुतले, स्टूल ओढलं आणि पलंगाजवळ बसल्या. सलाईन सुरू झालं होतं. नर्स निघून गेली.

"पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"सहा-सात."

"आणि हा त्रास त्यानंतर हळूहळू सुरू झाला."

"हो. पण डॉक्टर, एक विचारते." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. छताकडे बघत बोलल्या. "आमचे हे धरणाच्या साइटवर असायचे. पंधरा वर्षं. मी इथं, हेमंतच्या शाळेसाठी. ते महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. तिथं त्यांचं काय होतं, काय नव्हतं… त्यांनी आणलेलं माझ्या अंगात इतकी वर्षं झोपून राहिलं असेल का? आणि आता उठलं?"

मला वाटलं, डॉक्टर लगेच नाही म्हणतील. त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"मावशी, नीट ऐका. तुमची पाळी होती तोवर अंगात एक हार्मोन तयार होत होतं, इस्ट्रोजेन. त्याचं काम फक्त पाळी आणि मूल एवढंच नसतं. योनीचं आतलं अस्तर ते जाड आणि ओलसर ठेवतं. त्या अस्तरावर चांगले जंतू राहतात. आपल्या दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद म्हणा. ते तिथं आंबटपणा टिकवून ठेवतात आणि त्या आंबटपणात वाईट जंतूंचा टिकाव लागत नाही. शिवाय शरीराच्या पहारेकरी पेशी असतात, त्यांनाही हुकूम या हार्मोन्सचाच. कधी कडक राहायचं, कधी सैल."

"सैल कशाला?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"अहो, नवऱ्याचं बीज म्हणजे शरीराच्या हिशोबाने परकंच की. पहारा चोवीस तास कडक राहिला तर मूल राहणार कसं? म्हणून महिन्याच्या ठराविक दिवसांत तो थोडा सैल होतो. मूल राहिलं की मग आणखीच वेगळं. अर्धं परकं असलेलं बाळ नऊ महिने सांभाळायचं आणि जंतू मात्र आत येऊ द्यायचे नाहीत. बाईच्या शरीराला दोन्ही एकाच दारातून करावं लागतं. मला वीस वर्षं झाली या कामात, अजून नवल वाटतं." त्या सासूबाईंकडे वळल्या. "पाळी गेली की हे हार्मोन आटतं. अस्तर पातळ होतं, कोरडं पडतं. चांगले जंतू उपाशी मरतात. आंबटपणा जातो, पहारा विरळ होतो. मग जंतू आत शिरतात, लघवीच्या वाटेने वर चढतात."

"पण ते जंतू येतात कुठून?"

"तुमच्याच आतड्यातले असतात बहुतेक वेळा. सगळ्यांच्या पोटात असतात. माझ्या, तुमच्या, या तुमच्या सुनेच्या. रिपोर्ट येऊ दे, पण मला आत जे दिसलं त्यावरून तरी मला दुसरी शंका नाही."

"म्हणजे ह्यांचं नाही?"

"त्यांनी धरणावर काय केलं, काय केलं नाही, ते मी नाही सांगू शकत," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "पण हे त्यांचं नाही. तुमचंही काही चुकलेलं नाही. चुकलंय ते एकच, त्या बाटलीने धुणं. थोडेबहुत चांगले जंतू उरले होते, तेही तुम्ही रोज मारत होतात. ती फेकून द्या. नुसतं पाणी पुरे. ताप उतरला की मी एक मलम देईन, आत लावायचं. त्यात तेच हार्मोन असतं, अगदी थोडं. आणि पाणी प्यायचं मावशी, भरपूर. जळजळेल या भीतीने पाणी सोडायचं नाही."

सासूबाईंनी डोळे मिटले. डॉक्टर गेल्यावर बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "दोन वर्षं मी त्यांच्या फोटोला हार घातला नाही. हेमंत म्हणायचा, विसरलीस का. मी म्हणायचे, हो, विसरले." मग म्हणाल्या, "बिचारे."

आणि थोड्या वेळाने, "असतीलही काही भानगडी. कुणास ठाऊक. पण हे नव्हतं."

रविवारी सकाळपर्यंत ताप उतरला. मी घरून पेज करून नेली. त्या उशी पाठीशी घेऊन बसल्या होत्या, वेणी घातलेली. मी चमचा हातात दिला, तर म्हणाल्या, "तू बस ना इथं." पलंगाच्या कडेला जागा केली. मी बसले. त्या घरात सात महिने राहूनही इतक्या जवळ मी पहिल्यांदाच बसत होते.

पेज संपेपर्यंत मी थांबले. मग विचारलं.

"आई, तुम्ही माझ्यानंतर न्हाणीघर धुवायचात."

"तुझ्या नंतर म्हणून नाही गं, तुमच्या आधी म्हणून. माझं झालं की पुढे तू किंवा हेमंत जाणार, म्हणून. आणि आत गेल्यावर माझ्या मनाची खात्री व्हायची नाही, आदल्या वेळी नीट धुतलं की नाही. म्हणून परत…" बोलता बोलता त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला काही सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेलेला मी पाहिला.

"म्हणजे तुला वाटलं…"

"हो."

"सात महिने?"

"हो."

"बादली? तार?"

"सगळंच. आणि काल तुम्ही शिवू नकोस म्हणालात."

त्यांनी रिकामा वाडगा खाली ठेवला. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. 

मी चुकले असं मला आजही वाटत नाही. मला जे दिसत होतं ते माझ्यासारखीला तसंच दिसणार होतं. पण त्यांना ते कळल्यावर त्या लगेच म्हणतील, छे छे, असं माझ्या स्वप्नातसुद्धा नाही, आणि मग मला मान डोलवावी लागेल, याची मला भीती वाटत होती.

त्या म्हणाल्या, "खोटं नाही सांगणार तुला. हेमंतने तुझं आडनाव सांगितलं त्या दिवशी मी जेवले नव्हते. लग्नात हसले ती लोकांसाठी. तू पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात शिरलीस तेव्हा पोटात काहीतरी हललं. हे सगळं खरं आहे. पण न्हाणीघराचं ते नव्हतं."

"आणि आता?"

"आता काय?"

"ते पोटातलं."

त्यांनी विचार केला. खरंच केला, दाखवायला नाही. "बरंचसं गेलंय. सगळं गेलं म्हणाले तर विश्वास ठेवशील?"

"नाही."

"मग नाही म्हणत," त्या म्हणाल्या आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण कालच्या त्या शब्दांचं… ते तुला कसे लागले असतील ते माझ्या आत्ता लक्षात येतंय. मला दुसरा शब्दच सुचला नाही गं. आजारपणाला, पाळीला, सगळ्याला आमच्याकडे तोच एक शब्द."

मी त्यांचा हात तसाच राहू दिला.

माझा निरोप मिळाल्यावर हेमंत सोमवारी थेट दवाखान्यात आला, धास्तावलेला. आईला बघितलं, मला बघितलं. आई म्हणाली, "मला बायकी आजार झालाय, तुला सगळं सांगायला मला लाज वाटणार नाही, पण तुलाच वाटेल." तो म्हणाला, "मग नको सांगूस." बाहेर व्हरांड्यात त्याने मला हळूच विचारलं, "त्या खोल्यांचं काय करायचं?"

"नाही म्हणून कळव."

"काय झालं काय?"

"घरी सांगते. लांबलचक आहे."

रिपोर्टमध्ये डॉक्टर म्हणाल्या होत्या तोच आतड्यातला जंतू निघाला. दुसरं काहीही नाही. मलमाने चमत्कार झाला नाही. दीड-दोन महिने लागले. मध्ये एकदा परत जळजळ झाली तेव्हा सासूबाईंनी कुठून तरी नवी बाटली मागवली. मी ती त्यांच्यादेखत संडासात ओतली आणि आमचं पहिलं खरं भांडण झालं. मोठमोठ्याने. हेमंत भाजी आणायला म्हणून निघून गेला तो तासाभराने आला. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं. त्यानंतर त्यांची साडी माझ्या कपड्यांबरोबर वाळायला लागली.

त्यांनी मात्र एक नवीनच सुरू केलं. भेटेल त्या बाईला हे सगळं सांगायचं. भजनाला जमलेल्या बायकांना, दळण आणायला जाताना भेटलेल्या बायकांना. बायका पदर तोंडाशी नेऊन इकडेतिकडे बघायच्या, पण कुणी उठून जायचं नाही. "आपल्या अंगातलं राखणीचं बळ कमी होतं गं, वयाने. त्यात लाजायचं काय? गुडघे दुखले तर सांगतेस की नाही?"

अशाच एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या आगाशेकाकू आल्या. या काकू आमच्याकडे आठवड्यातून दोनदा यायच्या. पण मी घरात आल्यापासून त्यांनी आमच्याकडे पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. मी पुढे केलं की, "आत्ताच घेतलं बाई," म्हणायच्या. गोड हसून. सासूबाईंनी हे कधी पाहिलं नाही, की पाहून बोलल्या नाहीत, मला ठाऊक नाही.

त्या दिवशी काकू कोचाच्या टोकावर बसल्या आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "कुमुदताई, तुम्ही ते परवा भजनाला सांगत होतात ना… मला चार वर्षं होतंय. आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही."

सासूबाई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "जळजळ?"

"फार."

"पाणी पिता?"

"पाणी प्यायलं की जावं लागतं. म्हणून मी आपली…"

"तेच मी करत होते. तेच चुकत होतं माझं. उद्या आमची संघमित्रा नेईल तुम्हाला डॉक्टर मुजावरांकडे, तिला सगळं ठाऊक आहे. पण आधी पाणी." त्यांनी आत हाक मारली. "संघमित्रा, काकूंना पाणी आण बरं."

मी पाणी घेऊन आले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, मग सवयीने त्यांचा हात थोडा वर आला, नको म्हणायला. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या.  मीही पेला तसाच धरून उभी राहिले. मागे घेतला नाही.

काकूंनी तो घेतला. आधी एक घोट, मग थांबल्या, मग डोळे मिटून एका दमात सगळं पाणी संपवलं. चार वर्षांची तहान असावी तसं. रिकामा पेला मांडीवर धरून त्या बसून राहिल्या.

"अजून एक आण गं," सासूबाई म्हणाल्या.